फ्रीज हाय, असं मी बोलले

सोमवारी जन्मले म्हून सोमी. आमच्यात असंच असतं, मंगळवारची मंगळी, बुधवारची बुधी, भटाला कोण इचारायला जातंय. जन्म वीटभट्टीवरचा. भट्टी कुठली ते आईला बी नीट आठवत नवतं, पेणच्या बाजूला कुठंतरी, कारण दिवाळी झाली की आमची कातकऱ्यांची अख्खी वाडी भट्टीवर जायची आन पावसाच्या आधी परत यायची, दरवर्षी नवा मालक, नवी भट्टी, मंग कोण कुठं जन्मलं आन कोण कुठं मेलं हे कोण ध्यानात ठेवतो. तुमी लिवताय ना ताई, लिवा. पण आधीच सांगते, मी आडवं तिडवं बोलीन आन मंग मुद्द्यावर येईन, मला मधेच थांबवू नका. वाडीत कोणालाबी इचारा, सोमीच्या तोंडाला लागू नको असंच सांगतील. नळावर माजं भांडण झालं नाय असा दिवस जात नाय. आन अशा बाईची जीभ दवाखान्याच्या टेबलापुढं गेली की टाळूला चिकटते. तीच सगळी गोष्ट हाय, दुसरं काय नाय.

शाळा मी बाहेरूनच बघितली. आईनं शिकवल्या त्या चिंबोऱ्या, म्हंजे खेकडे धरायचे. खाडीच्या चिखलात बीळ बघायचं, तोंडाशी ताजा चिखल पडलेला असला म्हंजे आत चिंबोरी बसलेली हाय, मंग हात खांद्यापर्यंत आत घालायचा, हळूहळू, आन तिला मागून धरायचं. हात थरथरला की नांगी बसलीच. माज्या ह्या बोटाला बघा, इथं, लानपणीची खूण हाय. पण त्यानंतर नाय चावली कधी. हात माजा धीट हाय, हाताला मी नाव ठेवत नाय.

लग्न करून आले ती ह्या वाडीत, करंजाड्याच्या अंगाला. तवा ह्या बिल्डिंगा नवत्या, भातशेती होती, आन खाडीचं पाणी पार रस्त्यापर्यंत यायचं. मंग भराव पडला, बिल्डिंगा उठल्या, आमच्या चिंबोऱ्या गेल्या तिकडं गव्हाण गावाकडं, मंग मी बी त्यांच्या मागं गव्हाणकडं जायला लागले, काय करणार. नवरा बरा भेटला. नाव नाय घ्यायची त्याचं, मनीषाचा बा म्हणा. कमी बोलतो. माज्यासारखीच्या घरात कमी बोलणाराच टिकतो.

मनीषाच्या आधी एक पोरगा झाला होता. तो भट्टीवर तापानं गेला. दवाखाना लांब होता, मालक बोलला उतरंल ताप, आमी बी बोललो उतरंल. तो नाय उतरला. म्हून मनीषा झाली तवा आमी दोघांनी ठरवलं, आता भट्टीवर जायचं नाय, उपाशी रायलो तरी पनवेलातच रायचं, दवाखाना जवळ पायजे. मनीषाचा बा बिल्डिंगीवर बिगारी कामाला लागला. मी सकाळी चिंबोऱ्या घेऊन पनवेलच्या मच्छी मार्केटला जायची, दुपारी करंजाड्यातल्या एका मॅडमकडं भांडी. मॅडम चांगल्या, ऑफिसात जायच्या, पुण्याकडच्या. चहा द्यायच्या. माजा कप येगळा, खिडकीत पालथा घातलेला असायचा. पण चहा पुरा द्यायच्या, खोटं कशाला बोलू.

मनीषा तिसरीत असंल तवाची गोष्ट. उन्हाळा नुकताच लागला होता. पोरगी सारखं पाणी प्यायला लागली. कोपऱ्यात आमचं मडकं असतं पाण्याचं, ते मी सकाळी भरायची आन दुपारी बघावं तर तळाला. मी तिलाच ओरडायची, म्हैस हायेस का, नळावर माजी भांडणं होतात ती तुज्यापायी. आन सारखी लघवीला. आन खायची लय पण अंगाला लागायचं नाय, बरगड्या दिसायला लागल्या. मंग एक दिवस शेजारची बुधी बोलली, सोमी, तुजी पोर जिथं बसते तिथं मुंग्या का लागतात गं. बघितलं तर खरंच, खोपीच्या मागं मुंग्यांची रांग. भगताला दाखवलं. त्यानं अंगारा दिला, कोंबडी घेतली, बोलला बाहेरची बाधा हाय. तुमी हसू नका, भगत दाराशी येतो आन आमच्याच बोलीत बोलतो, त्याच्यापुढं जायला नवी साडी लागत नाय.

मंग पोरीला उलट्या सुरू झाल्या, धापा टाकायला लागली, तोंडाला पिकल्या बोरासारखा वास. तिच्या बानं तिला पाठुंगळी घेतली आन टेम्पो थांबवून पनवेलच्या सरकारी दवाखान्यात नेली, तिथून गाडीत घालून मुंबईला मोठ्या दवाखान्यात. तिथं कळलं, साखर. लानग्या पोरीला साखरेचा रोग. मी डाक्टरला बोलले, साहेब, तुमचं काहीतरी चुकतंय, हा रोग बंगलेवाल्यांचा. ते बोलले लान पोरांना बी होतो, गरीब श्रीमंत बघत नाय. वाडीत ही गोष्ट गेली तर लोक हसले. आमाला चहात टाकायला साखर नाय आन सोमीच्या पोरीच्या रक्तात पोतंभर. तिचा बा बी हसला, बोलला राणीची पोर हाय माजी. हसला आन मंग बाहेर जाऊन बसला.

तिथल्या सिस्टरनं मला सुई शिकवली. आधी मोसंब्यावर. बाकीच्या बायांचे हात कापायचे, माजा नाय कापला. सिस्टर बोलली, वा, तुझा हात छान आहे गं. काय सांगू तुमाला, त्या अख्ख्या मोठ्या दवाखान्यात मला कोणी चांगलं बोललं ते तेवढंच, ते मी अजून धरून ठेवलंय. सकाळी एक सुई, सांजच्याला एक सुई, सुई झाली की पोटात अन्न गेलंच पायजे, आन हे सगळं जन्मभर. जन्मभर ह्याचा अर्थ मला तवा कळला नाय. आमच्याकडं औषध म्हंजे बरं वाटलं की बंद. मी इचारलं पण नाय.

आन मंग घरी सोडायचा दिवस. पुढं पनवेललाच औषध भेटंल असं चिठ्ठीवर लिवून दिलं. टेबलापाशी तरणा डाक्टर बसला होता, माज्या मागं ही लांब रांग, लोक मानेवर श्वास टाकतायत. माज्या अंगावर पोरीला भरती केली त्या दिवशीचीच साडी, खाडीच्या चिखलाची, धुतली होती बाथरूमात पण वास कुठं जातोय. माज्या मागची बाई पदर नाकाला लावून उभी होती. कदाचित दवाखान्याच्या वासानं लावला असंल, पण मला वाटलं माज्याच वासानं. डाक्टर लिवता लिवता बोलला, हे गरमीत खराब होतं, थंड ठेवायचं. घरात फ्रीज आहे ना.

मी बोलले हाय.

मनीषाच्या बानं माज्याकडं बघितलं. आमच्या खोपीत तवा लाईट बी नवती ताई. वर पत्रा, कुडाच्या भिंती, आन मी बोलले फ्रीज हाय. नाय बोलले असते तर काय झालं असतं ते तुमीच सांगा, काय झालं नसतं, डाक्टरनं दुसरं काहीतरी सांगितलं असतं. पण मला वाटलं, नाय बोलले की हा आता डोकं वर करील, मंग इचारील राहता कुठं, करता काय, जात कुठली, आन मागची रांग ऐकील. किंवा बोलील, फ्रीज नाही तर औषध देऊन उपयोग काय. असं बी वाटलं, देव शप्पथ. म्हून हाय बोलले. त्यानं डोकं वर केलंच नाय. पुढचा कागद घेतला.

बाहेर आल्यावर तिचा बा एवढंच बोलला, कुठंय गं फ्रीज. मी बोलले, बघू.

आता बघू म्हंजे कुठं बघू. डोळ्यांसमोर एकच, मॅडमचा फ्रीज. हा एवढा मोठा, दोन दारांचा, मी रोज बाहेरून पुसायची. ठरवून गेले की आज इचारायचं. भांडी घासता घासता मनात बोलून बघायची, मॅडम, एवढी बाटली ठेवाल का, अंगठ्याएवढी हाय. मंग त्या फ्रीज उघडायच्या, आत दूध, देवाच्या नैवेद्याचं काय काय, त्यांच्या पोरीचं चॉकलेट, आन माज्या तोंडाला कुलूप लागायचं. कातकरणीच्या पोरीच्या रोगाची बाटली त्यांच्या दुधाशेजारी. वाटायचं, हो बोलल्या तरी मनात किळस येईल, नाय बोलल्या तर उद्या कामाला कुठल्या तोंडानं येऊ. तीनदा पदराला बाटली बांधून गेले आन तशीच परत आणली. बोलणाऱ्याची बोरं बी विकली जातात म्हणतात. माज्या चिंबोऱ्या मी ओरडून ओरडून विकायची आन हे एवढं इचारता आलं नाय.

मार्केटात माजी एक हिरूबाय होती, दर्याकडच्या करंज्याची कोळीण. माज्या चिंबोऱ्या तीच घ्यायची. तिची आन माजी दोस्ती म्हंजे भांडण्याची दोस्ती, ती मला बोलायची तुजी चिंबोरी पोकळ, मी बोलायची तुजा पापलेट परवाचा. तिला इचारायला लाज नाय वाटली, कारण ती बी पाटावर बसलेली, तिच्या बी अंगाला वास. तिच्याकडं थर्माकोलचा खोका, त्यात बर्फ. मी बोलले हिरूबाय, पोरीचं औषध हाय, थंड ठेवायचंय. ती बोलली ठेव की गं बाय, त्यात इचारायचं काय, माज्या सुरमईच्या उशाला राहील.

मंग रोजचं ठरून गेलं. सकाळी पोरीला सुई द्यायची, बाटली पिशवीत गुंडाळून चिंबोऱ्यांच्या टोपलीत घालून मार्केटात, ती हिरूबायच्या बर्फात खोल पुरायची, सांजच्याला तिचा माल संपला की परत आणायची आन सुई द्यायची. पत्र्याखाली दुपारचं भाजून निघतं, पण माज्या पोरीचं औषध तिकडं गारेगार. मला काय बरं वाटायचं. सुई झाली की पोरीला आधी वाढायचं, मंग आमी दोघं, उरलं तर. पोरगी भरली, गाल आले, शाळेत जायला लागली. खोपीमागच्या मुंग्या गेल्या. मी बोलले बघ, फ्रीज काय फ्रीज, झालं की नाय आपलं.

वैशाखात ऊन इतकं पडलं की हिरूबायचा बर्फ दुपारीच पाणी व्हायचा. मंग ती बर्फात मूठ मूठ खडामीठ टाकायला लागली. कोळी लोकांचं ते जुनंच, मीठ टाकलं की बर्फ जास्त कडक मारतो, मासळी दगडासारखी होते. मला बी माहीत होतं. पण मासळीला जे चांगलं ते औषधाला वाईट, हे मला कोणी सांगितलं नवतं आन माज्या डोक्यात बी आलं नाय. सांजच्याला बाटली काढली तर आतलं घट्ट. मी मुठीत धरून घरी नेली, घरी जाईतो पातळ झाली. आत दुधासारखं असतं ते, त्यात बारीक दाणे दिसले, नासल्यासारखे. मी हलवलं. हलवून बारीक झाले. बोलले चालंल. उलट मला वाटलं, एवढं थंड ठेवलंय तर जास्तच चांगलं रायलं असंल.

असं किती दिवस चाललं मला सांगता येत नाय. मी सुई चुकवली नाय हो, एक बी नाय. आन एक दिवस खोपीच्या मागं गेले आन बघितलं तर मुंग्या.

काय सांगू तुमाला. तिथंच मातीत बसले. त्याच दिवशी न्यायला पायजे होती पोरीला, पनवेल काय लांब नाय. पण मी नेली नाय. वाटलं, डाक्टर इचारणार सुई देत होतीस का, मी हो बोलणार, तो बोलणार खोटं बोलतेस, कातकरी लोक असेच, औषध अर्धवट सोडतात. हे मी ऐकलेलं हाय, बाकावर बसून माज्या कानांनी ऐकलेलं हाय, दुसऱ्या बाईला बोलताना. म्हून मी दोन सुया जास्तीच्या दिल्या, पोरीला पाणी दिलं, देवाला नवस बोलले. दुसऱ्या दिवशी ती धापा टाकायला लागली आन तोंडाजवळ नाक नेलं तर तोच वास, पिकल्या बोराचा. मंग तिच्या बानं मला इचारलं बी नाय, उचलली आन पळाला.

पनवेलच्या दवाखान्यात सलाईन लावली. तिथले डाक्टर वयस्कर होते, रागीट. जे मला वाटलं होतं तेच बोलले, इंजेक्शन बंद केलंत ना. मी बोलले नाय साहेब, देते. ते बोलले खोटं बोलू नका, मुलगी मरता मरता वाचलीय. मी पदराची गाठ सोडली आन बाटली पुढं केली. त्यांनी ती उजेडात धरली, हलवली, आन त्यांचा आवाजच बदलला. बोलले हे गोठलेलं आहे. ह्याचा आता काही उपयोग नाही, पाणी टोचण्यासारखं आहे हे. फ्रीजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवत होतात का.

ताई, आता तरी बोलायचं ना. पोरगी समोर पडलीय, नाकात नळी, आन आता तरी. मी बोलले हो.

त्यांनी मला चांगलं समजावून सांगितलं. फ्रीजच्या दारात ठेवायचं, खालच्या बाजूला, वर अजिबात नाही. मी मान हलवत रायले, हो साहेब, दारात, हो साहेब, खाली. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं ऐकत होती. आन मनीषा, मला वाटलं ती झोपलीय, ती डोळे मिटूनच बोलली, आमच्याकडं फ्रीज नाय. बर्फात ठेवतो आमी, मच्छीच्या. आन मी काय केलं असंल. मी तिचं तोंड दाबलं. ह्या हातानं. त्या आजारी पोरीच्या तोंडावर हात ठेवला की गप बस म्हून.

सगळी गोष्ट मी कोणालाबी सांगते, हसून बी सांगते, मिठाचं, बर्फाचं, सुरमईचं. हे हाताचं मी सांगत नाय. आज तुमाला सांगितलं. लिवायचं तर लिवा. चिंबोरीच्या बिळात न कापणारा हात पोरीच्या तोंडावर ठेवला आन तवा कापला.

डाक्टर उठून गेले. मला वाटलं आता झालं, आता हाकलतात. मंग एक सिस्टर आली, आगऱ्यांची होती, बोलण्यावरून कळलं, आपल्यासारखंच ‘हाय’, ‘नाय’ बोलणारी. खाटेवर बसली आन बोलली, घरात मडका हाय का. मी बोलले हाय. तिनं इचारलं खराच हाय ना. मी बोलले खराच हाय. मंग तिनं सांगितलं, मोठ्या मडक्यात लान मडका ठेव, मधे वाळू भर, वाळूवर पाणी मार सकाळ सांजच्याला, आतल्या मडक्यात बाटली, वर ओला फडका, आन सावलीत ठेव. बस. फ्रीजची गरज नाय. बर्फाला तर शिवू नको. आन उठता उठता बोलली, इचारायचं ना गं बाय, आमी कशाला हाव इथं.

इचारायचं ना. हे मला नंतर सगळे बोलले. त्या मॅडमना कळलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, बोलल्या अगं सोमी, विचारायचं ना, मी नाही म्हटलं असतं का. आता जास्तीच्या बाटल्या त्यांच्याच फ्रीजमध्ये असतात, झाकणाच्या डब्यात. डबा त्यांनी नवीन आणला, माज्या बाटल्यांसाठी. औषध नीट राहावं म्हून आणला, का दुधाला लागू नये म्हून, ते मला ठाऊक नाय आन मी इचारलं बी नाय. त्या चांगल्या हाईत. ते मी आधीच बोलले. आन हिरूबाय, ती तर पाटावरून उठून मला मारायलाच आली, बोलली घरात मडका ठेवून माज्या बर्फाला आलीस, काखेत कळसा आन गावाला वळसा, आन मंग माज्या गळ्यात पडून रडली, बोलली माज्या मिठानं पोर मारली असती गं. चार दिवस तिनं माज्याकडून रोजची वरची फुकट चिंबोरी बी घेतली नाय आन मला शिव्या बी दिल्या नाय, तवा मला समजलं तिला किती लागलं ते.

पण ताई, इचारायचं ना बोलायला काय लागत नाय. टेबलाच्या त्या बाजूनं ते सोपं हाय. माजं चुकलं, मी नाय बोलत नाय. पण मला वाटतं, डाक्टरनं फ्रीज हाय ना असं न इचारता, कुठं ठेवाल असं इचारलं असतं, तर मी बोलले असते. कदाचित. का माहीत नाय, तवा बी लाजले असते, माजा काय भरवसा.

आता मनीषा मोठी झालीय, बारावीला हाय, तिची सुई तीच घेते, पोटावर, बोलता बोलता. लाईट आलीय खोपीत, एक बल्ब, फ्रीज अजून नाय. मडकी दोन फुटली, तिसरं चाललंय. दवाखान्यात दर महिन्याला आमी दोघी जातो. डाक्टर बदलत असतात आन नवा आला की तेच इचारतो, फ्रीज आहे ना घरात. मनीषा सरळ बोलते, नाही सर, मडकं आहे, शाळेतल्यासारखं स्पष्ट. आन मी अजून खाली बघते. इतक्या वर्षांनी बी. कान गरम होतात माजे. घरी येताना ती मला बोलते, आई, तू कशाला लाजतेस गं, त्यांनी लाजायला पायजे. पोरगी शिकली, बोलते. देव तिला लय आयुष्य देवो आन तिची जीभ अशीच ठेवो, माज्यासारखी नळावरच चालणारी नको.

मागच्या खेपेची गोष्ट सांगते आन उठते, मला वाळूवर पाणी मारायचंय. रांगेत आमच्या पुढं एक बाई होती, ठाकर, डोंगरावरच्या वाडीतली, कडेला लान पोर, तेच दुखणं. पायात चप्पल नाय, लुगडं धुतलेलं पण वास होता, लाकडाचा. डाक्टर लिवता लिवता बोलला, फ्रीज आहे ना. ती बोलली हाय.

तो हाय मला ओळखू आला. माजाच होता तो.

मनीषानं मला कोपर मारलं. तीच बोलणार होती, मी तिचा हात धरला. बोलले, तू बस. आन मी त्या बाईच्या मागं बाहेर गेले. ती गेटपाशी उभी होती, पिशवी छातीशी धरून, कुठं जावं ते कळत नाय अशी. मला माहीत होतं, फ्रीज नाय ना गं तुज्याकडं, असं बोलले तर ती मला खाऊन टाकील. मी बी खाल्लं असतं. मी तिच्या शेजारी उभी रायले. तोंडातून शब्द फुटंना, वाडीत नळ गाजवणारी मी. मंग खाली बघूनच इचारलं, बाय, तुज्याकडं मडका हाय का.

तिनं माज्याकडं बघितलं. लय येळ बघितलं, आधी रागानं. मंग बोलली, हाय.

मी बोलले, माज्याकडं बी मडकाच हाय. आन तिथंच गेटपाशी खाली बसले, तिला बी बसवलं, आन मातीत बोटानं काढून दाखवलं, हे मोठं, हे लान, मधे वाळू. लोक आमच्या अंगावरून जात होते. तिनं पोराला मांडीवर घेतलं आन इचारलं, वाळू कुठली घ्यायची. मी बोलले ओढ्याची चालंल, फक्त सुकू देऊ नको.